आठ नव्हे, तेवीस दिवस

आक्का, डॉक्टरांनी तुझी सोनोग्राफी करायला सांगितली होती आणि मी तुला काविळीची माळ घालायला घेऊन गेलो.

एवढं एकच वाक्य. तुला जाऊन चौदा दिवस झाले, तेव्हा कुठं ते कागदावर उतरलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "नाम्या, एवढ्यात थांबलास? रंगव की पुढं." रंगवतो. दुसरं काही येतं कुठं मला?

तुझे डोळे पिवळे दिसले ते स्नेहलला. सुनेचं लक्ष बारीक. पण तिला बँकेत सुट्टी नव्हती, तुझा प्रमोद जहाजावर, आणि दाजींना डॉक्टरशी बोलता येत नाही हे आपण सगळ्यांनी दाजींना न विचारताच ठरवून टाकलेलं. मग घरातला जाणता कोण? तुझा धाकटा भाऊ. कांदा-बटाटा मार्केटातल्या गाळ्यावर तीस वर्षं काढलेला. तिथं कुणाला मुतखडा होवो, कुणाची शुगर वाढो, हमालापासून शेठपर्यंत सगळे मलाच विचारतात. आणि विचारलेल्याला सल्ला दिला नाही, असं माझ्या हातून कधी झालेलं नाही.

डॉक्टरांनी तुला आडवं केलं, बरगडीखाली बोटं दाबली, वजन किती उतरलं ते विचारलं. तू म्हणालीस, "काट्यावर कोण बसतंय? ब्लाउज ढिलं झालं समदं." ते हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, जरा बाहेर बसा." तू बाहेर गेलीस आणि त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. "आजच्या आज सोनोग्राफी करून घ्या. दुखत नाही, खाज आहे, वजन उतरलंय. मला ही साधी कावीळ वाटत नाही."

"म्हणजे?"

"आधी बघू या," ते म्हणाले.

मी चिठ्ठीच्या चार घड्या केल्या आणि ती शर्टाच्या खिशात टाकली. बाहेर तू बाकावर शेजारच्या बाईला तिच्या नातवाचा खोकला कशानं जाईल ते सांगत होतीस. ते घराण्यातच आहे आपल्या. मला बघून विचारलंस, "काय म्हणला रं?"

"काय न्हाई. साधी कावीळ. पथ्य पाळा म्हणतोय."

आणि तिथून स्कूटर थेट पनवेलच्या पलीकडं, हायवे सोडून आत, त्या माळवाल्या बुवाकडं. तुझ्या टाळूवर मावेल एवढीशी काड्यांची माळ त्यानं ठेवली. कावीळ उतरायला लागली की माळ आपोआप लांबते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून बेंबीपर्यंत, आणि पायातून काढली की कावीळ गेली. आपल्याकडं हे कुणाला खोटं वाटत नाही, कारण माळ खरंच लांबते. ओल्या काड्या वाळतात, आकसतात, दोरा सैल पडतो, माळ लांबते. खिळ्याला टांगून ठेवली असती तरी लांबली असती. हे शहाणपण मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी रोज मार्केटातून सुटलो की करंजाड्याला तुझ्याकडं यायचो आणि टेप लावून माळ मोजायचो.

"नाम्या, माप घेतोस तर ब्लाउज शिवून तरी आण," तू म्हणायचीस.

"आक्का, आज चार बोटं उतरली."

"मग डोळं का उतरंनात?"

उत्तर नसलं की मी आवाज वाढवतो, तसा वाढवला आणि म्हणालो, "खाज सुटलीय न्हवं? म्हणजे कावीळ बाहेर पडतीय. खाज म्हणजे चांगलं लक्षण."

आक्का, मी आयुष्यात हजारो मूर्ख वाक्यं बोललोय. हे एक परत घेता आलं तर बाकीची सगळी ठेवून घेईन.

कारण ती खाज तू तेवीस दिवस सोसलीस. तळहातांना, तळपायांना, पाठीला, केसांच्या मुळांना. लाकडी फणीनं तू पिंढऱ्या खाजवायचीस आणि कुणी आलं की फणी चटकन पदराखाली घ्यायचीस. दाराच्या चौकटीला पाठ घासायचीस. मी कडुलिंबाचा पाला आणला, गुलाबी औषधाची बाटली आणली, उसाचा रस तर रोज आणला. एक गोष्ट तेवढी आणली नाही. ती खिशात होती. मग शर्ट धुवायला टाकायची वेळ आली तेव्हा स्कूटरच्या डिकीत गेली.

चोविसाव्या दिवशी स्नेहल तुझ्या पाठीला तेल लावायला बसली आणि तिला तुझ्या पाठीवर रक्ताच्या रेघा दिसल्या. तिनं मला विचारलं नाही. बँकेत फोन केला, तुला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. मला फोन आला तो तिथून. "मामा, आई ॲडमिट आहेत. माळ मी कापून टाकलीय."

मी पोचलो तेव्हा एक तरुण डॉक्टर कागद भरत होता. "कावीळ कधीपासून?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "आठ दिवस."

तू पलंगावरून माझ्याकडं बघितलंस. पिवळेजर्द डोळे, पण नजर तीच, आपल्या शाळेच्या मास्तरांसमोर माझी बाजू घेताना असायची ती. मग डॉक्टरकडं वळून म्हणालीस, "व्हय. आठेक दिवस."

तुला वाटलं असणार, माळेची लाज वाटतेय म्हणून हा खोटं बोलतोय. मी तसंच वाटू दिलं. आणि तेवढ्यापुरतं, देवाशपथ, मला बरंही वाटलं.

पुढचं सगळं भराभर झालं. रक्त, सोनोग्राफी, सीटी स्कॅन. मोठ्या डॉक्टरांनी आपल्याला केबिनमध्ये बोलावलं, तुला, दाजींना, स्नेहलला आणि मला. त्यांनी कागदावर चित्र काढलं. हे यकृत, इथं पित्त तयार होतं. ही नळी, इथून ते आतड्यात उतरतं. आणि ही गाठ, स्वादुपिंडाच्या डोक्याशी, तिनं नळी बाहेरून दाबून धरलीय. पित्ताला खाली जायला वाट नाही, म्हणून ते रक्तात चढतंय. डोळे पिवळे त्यानं, खाज त्यानंच.

मी मध्ये तोंड घातलं. "म्हणजे आमच्या गाळ्याच्या मागची गटार तुंबते तसं. कांद्याची सालपटं अडकतात. मग आम्ही बांबू घालतो."

डॉक्टर सोशीक होते. म्हणाले, "साधारण तसंच. फक्त बांबू नाही." तोंडातून दुर्बीण घालायची, जठर ओलांडून त्या नळीच्या तोंडाशी जायचं. तिच्यात तार सरकवायची आणि तारेवरून धातूच्या जाळीची बारीक नळी. जाताना मिटलेल्या छत्रीसारखी जाते आणि आत गेली की उघडते. कुठं कापणं नाही, टाके नाहीत.

दाजी चित्राकडं बघत होते. पस्तीस वर्षं माथाड्याचं काम केलेला माणूस, पाठीवर शंभर किलोची गोणी घेऊन चालताना त्यांचा चेहरा असायचा तसा झाला होता. स्नेहल लिहून घेत होती. विचारलंस तू.

"गाठ काढणार न्हाई का?"

डॉक्टरांनी तुझ्याकडंच बघून उत्तर दिलं, आमच्याकडं नाही. याबद्दल मी त्यांना जन्मभर मानीन. "नाही मावशी. ती मोठ्या रक्तवाहिनीला धरून बसलीय आणि यकृतातही ठिपके आहेत. काढता येणार नाही."

"कॅन्सर हाय?"

"हो."

"मग ही नळी कशापायी?"

"गाठ जिथं आहे तिथंच राहील. पण वाट मोकळी होईल. कावीळ उतरेल, भूक लागेल, खाज जाईल."

तू थोडा वेळ हाताचा तळवा दुसऱ्या हातानं चोळत राहिलीस. मग म्हणालीस, "खाज जाती म्हणताय न्हवं? मग घाला."

आत तुला झोपेचं औषध दिलं तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. तास-दीड तास. दाजी शेजारी. मी बोलायला गेलो की माझ्या तोंडातून बटाट्याचा सीझनच निघत होता. डॉक्टर बाहेर आले, अंगठा वर केला. "बसली. पित्त सुटलं. डोळ्यांदेखत वाहायला लागलं." दाजींनी हात जोडले आणि तुला बघायला आत गेले. मी डॉक्टरांच्या मागं मागं कॉरिडॉरभर गेलो.

"साहेब, एक विचारू? दोन-तीन आठवडे आधी आणलं असतं तर?"

ते थांबले. "तुम्ही तर आठ दिवस म्हणालात."

"आपलं असंच विचारतोय."

मी असंच विचारत नाही, हे त्यांना कळलं. कळल्यावर ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते भिंतीला टेकले आणि शांतपणे म्हणाले, "हे बघा. गाठ तेव्हाही काढता आली नसती, बहुतेक. तीन आठवड्यांनी आजार फारसा बदलला नसता. पण नळी तेव्हाच घालता आली असती. त्यांची तेवढी खाज वाचली असती."

मी खालच्या कँटीनमध्ये जाऊन दोन वडापाव खाल्ले. हे सांगायची लाज वाटते, पण खाल्ले. माणसाला वाटतं, असं काही ऐकल्यावर घास उतरणार नाही. उतरतो. दुसराही उतरतो. मग मी बेसिनपाशी गेलो आणि दोन्ही वडापाव तिथं ठेवून आलो.

तुझं मरण माझ्यामुळं आलं नाही. हे एखाद्या देवानं सांगावं तसं मला डॉक्टरांनी सांगितलं. त्यावर नाचायला हवं होतं मी. पण तुझी खाज माझ्यामुळं. फणीचे ते वळ माझ्यामुळं. मरणाला मोठमोठी कारणं असतात, त्यांच्या आड लपता येतं. खाजेचं कारण एवढंसं होतं, चार घड्या घातलेलं, माझ्या डिकीत.

आणि त्यानंतरचे ते दिवस, आक्का! त्या जाळीच्या नळीनं आपल्याला काय दिलं, ते मी कुणाला सांगायला गेलो तर कुणी पुरतं ऐकून घेत नाही. लोक विचारतात, "मग उपयोग काय झाला? शेवटी गेल्याच ना?" उपयोग हा झाला, की तिसऱ्या दिवशी तुझ्या लघवीचा रंग निवळला आणि तू ही बातमी सगळ्या वॉर्डाला सांगितलीस. आठवड्यानं तू फणी केसांतून फिरवलीस, नुसती केसांतून. नवव्या दिवशी घरी हिरव्या मिरचीचा खर्डा वाटलास. डॉक्टरांनी तिखट कमी सांगितलंय म्हणून स्नेहल ओरडली, तर तू म्हणालीस, "अगं वाटतीया, खात न्हाई," आणि भाकरीच्या आडून खाल्लास. डोळ्यांतलं पिवळं उतरत उतरत एके दिवशी पांढरं झालं. मी एवढा मोठा माणूस, तुझ्या डोळ्यांत बघून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

मी रोज पाचला यायचो, तू चहा टाकायचीस. आणि रोज मी मनाशी ठरवून यायचो, आज सांगायचं. चिठ्ठीचं. आठ दिवसांचं. खिडकीपाशी बसायचो, कप तोंडाला लावायचो आणि म्हणायचो, "आक्का, आज मार्केटात काय गंमत झाली माहितीये?"

दिवाळ्याच्या कोळीवाड्यात गेलो तो दिवस आठवतो? सातारची बाई तू, लग्नाआधी माशाचा वास आला की नाक धरायचीस. नवी मुंबईत येऊन सुक्या बोंबलावर तुझा एवढा जीव कसा जडला ते खाडीलाच ठाऊक. "मला वासाला तरी न्हे," म्हणालीस. नेलं. तुझी ती नेहमीची कोळीण बोंबील पसरून बसलेली. तुला बघून हातातलं तसंच सोडून उठली.

"अगो बाय माजे! कवरी बारीक झालीस! काय झाला काय तुला?"

"पोटात जाळी बसवलीया," तू ऐटीत सांगितलंस.

"आमी जाली दर्यान टाकताव, तू पोटान टाकलीस? काय गावला का त्याच्यान?"

"खेकडा हाय एक. पण तो काय निघत न्हाई म्हणत्यात."

तिचं हसू तोंडावरच राहिलं. तिनं तुझे दोन्ही हात धरले, तिच्या हाताचा तो बोंबलाचा वास तुझ्या हातांना लागला आणि तू घरी जाईपर्यंत ते हुंगत होतीस.

तिथंच धक्क्यावर आपण बसलो. भरती होती, होड्या हलत होत्या. मी आपलं तुला हसवावं म्हणून तुझ्या लग्नातला किस्सा काढला. चाळीस वर्षं सांगतोय. वऱ्हाडी पंगतीला बसवायचं काम माझ्याकडं होतं आणि मी शेजारच्या मांडवातलं दुसरंच वऱ्हाड बोलावून आणून जेवू घातलं. आग्रह करकरून. जिलेब्या संपवल्या. खरं वऱ्हाड आलं तेव्हा पातेल्यात आमटी आणि भात. मी तोंडाचा आ करून त्या नवऱ्या मुलाच्या मामाची नक्कल करतो, तिथं लोक हमखास लोळतात.

तू हसली नाहीस. पाण्याकडं बघत म्हणालीस, "नाम्या, त्या दिवशी माझी सासू उपाशी ऱ्हायली. वर्षभर बोलणी खाल्ली मी. तुला ठाऊक हाय?"

मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं.

"तुझी चूक तू लय गोड करून सांगतोस. लोक हसत्यात आन् तू सुटतोस. पण एकदा तरी, 'आक्का, चुकलो,' असं म्हणलास? नुसतं एवढंच? पुढं मागं काय न लावता?"

मी म्हणालो, "आता चाळीस वर्षांनी त्या जिलेब्यांचं काय..."

"जिलेब्यांचं न्हाई म्हणत मी," तू म्हणालीस.

आक्का, मी खरंच सांगतो, तिथं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी काय केलं? उठलो आणि म्हणालो, "चल, ऊन लागंल तुला."

लोकांना सांगायला सोपं जातं, की बापडा अडाणी होता, माळेवर विश्वास ठेवला. मी स्वतःलाही तेच सांगत होतो. ते खरं नाही. मी माळेवर काडीचा विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी डॉक्टरांनी "साधी कावीळ वाटत नाही" म्हटलं तेव्हाच मला कळलं होतं. मार्केटात तीस वर्षं दुसऱ्यांचे आजार ऐकतोय मी. मला त्या मशीनपुढं तुला आडवं केलेलं बघायचं नव्हतं. कुणी 'गाठ' म्हणेपर्यंत गाठ नाही, असं वाटत होतं. मी तुला माळ घातली ती मला भीती वाटली म्हणून. आणि माझ्या भीतीचे तेवीस दिवस तू खाजवलेस.

पावणेचार महिन्यांनी तुला थंडी वाजून ताप भरला. दात वाजत होते, पलंग हलत होता. डोळे पुन्हा पिवळे. गाठ वाढून जाळीच्या टोकाशी आली होती, नळी तुंबली होती, तुंबलेल्या पित्तात जंतू झाले होते. या वेळी दुर्बिणीनं वाट मिळेना. मग बाहेरून, उजव्या बरगडीतून, सोनोग्राफीवर बघत बघत यकृतात सुई घातली, तिच्यातून नळी, आणि नळीला बाहेर पिशवी. पुन्हा कापणं नाही. पहिल्या दिवशी पिशवीत काळपट हिरवं आलं, मग हळूहळू मधाच्या रंगाचं. ताप उतरला. तू उठून बसलीस आणि जुन्या खणाची झोळी शिवून पिशवी तिच्यात घातलीस. सोसायटीत बायकांनी विचारलं तर, "नवीन फॅशन हाय," म्हणायचीस.

नळी सलाइननं धुवायची कशी, ते नर्सनं शिकवलं. शिकायला पुढं कोण? मी. हातमोजे घातले, सिरिंज भरली, पट्टी उघडली आणि तुझ्या बरगडीतून बाहेर आलेली ती नळी बघून सरळ खाली बसलो. म्हणजे बसलो नाही, कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा दोन वॉर्डबॉय मला उचलत होते आणि तू पलंगावरून ओरडत होतीस, "अहो, त्याला आधी काय खायला द्या! सकाळपासनं उपाशी असंल!" पिशवी तुझ्या अंगाला, आणि उपाशी मी.

नळी स्नेहल शिकली. ती मला म्हणाली, "मामा, तुम्ही फक्त गप्पा मारा. तेवढंच जमतं तुम्हाला." मी तेवढंच केलं.

आणि मग आपलं ते भांडण. पिशवीत पित्त कमी यायला लागलं, कावीळ चढायला लागली. डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूनं दुसरी नळी घालून बघता येईल, पण यकृतच थकलंय, फार फरक पडेलसं वाटत नाही. निर्णय तुमचा. तू म्हणालीस, "पुरं. एक नळी आत, एक भाईर. मी माणूस हाय का सोसायटीची टाकी?"

मी तुझ्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "घालून घे म्हणतोय न्हवं? काय जातंय तुझं? पंधरा दिवस मिळाले तर मिळाले!"

"पंधरा दिवसांचं काय करू?"

आता सांगतो. ते पंधरा दिवस मला पाहिजे होते. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. मला अजून बोलायचं होतं आणि रोज पाच वाजत होते आणि रोज मी मार्केटातली गंमत सांगत होतो. तुझ्या दुसऱ्या बरगडीत सुई खुपसून मला माझ्यासाठी वेळ काढायचा होता. बरं झालं, ऐकलं नाहीस.

शेवटच्या आठवड्यात प्रमोद पोचला. तू त्याच्याशी पोटभर बोललीस. एका दुपारी खोलीत आपण दोघंच होतो. तू डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोपलीस. तू डोळे न उघडता म्हणालीस, "नाम्या, काय सांगायचं हाय का तुला?"

कसं कोण जाणे, जिभेवरून भलतंच घसरलं. म्हणालो, "अगं, काल गाळ्यावर एक गिऱ्हाईक आलं, ते म्हणतं कसं, बटाट्याला कोंब का येतात..." तू ऐकलंस. सगळं ऐकलंस. शेवटी बरगडीवर हात दाबून थोडी हसलीससुद्धा. मग म्हणालीस, "बरं. जा आता, तुला उशीर हुईल."

तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन खिडकीत आलं होतं, स्नेहल तुझे ओठ ओल्या कापसानं पुसत होती, तेव्हा तू गेलीस. मी मार्केटात होतो.

काल तुझं तेरावं झालं. सोसायटीच्या हॉलमध्ये पंगत उठली. पाहुणे निघाले. दाजी खाली गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी दुसरी खुर्ची ओढली. म्हटलं, निदान या माणसाला तरी सांगायचं. चाळीस वर्षं तुझ्याबरोबर संसार केलेल्या माणसाला हे ऐकायचा हक्क आहे.

मी सुरुवात केली ती सवयीनं लांबून. स्कूटर कशी सुरू होत नव्हती, डॉक्टरकडं किती गर्दी होती, बाकावर तू त्या बाईला खोकल्यावर काय सांगत होतीस. दाजी मध्येच उठून कुणाला तरी निरोप देऊन यायचे, पुन्हा बसायचे. मी चिठ्ठीवर आलो. खिशावर आलो. डिकीवर आलो. आठ दिवसांवर आलो. मार्केटात असतो तसा हातवारे करत होतो मी, आणि एकदम माझे हात थांबले. मग मी म्हणालो, "दाजी, चुकलो."

पुढं मागं काही न लावता. जन्मात पहिल्यांदा.

दाजींना नवल वाटलं नाही. ते रस्त्याकडं बघत होते. म्हणाले, "तिला ठाऊक हुतं. हॉस्पिटलात जुनं कागद मागितलं, तवा स्नेहल गेली हुती त्या डॉक्टरकडं. त्यानं सांगितलं, सोनोग्राफीची चिठ्ठी दिली हुती म्हणून. समद्यांला ठाऊक हुतं. तीच म्हणली, कुणी काय बोलू नका, त्यो सांगंल आपणहून."

मी त्यांचा हात धरायला गेलो. त्यांनी तो काढून घेतला. रागानं नाही, गोणी नीट धरायला हमाल काढून घेतो तसा. मग खुर्चीवरून उठले, पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले,

"चार महिने रोज पाचला च्या ठेवून बसायची ती तुझ्यासाठी. आता मला सांगून काय उपेग, गाढवा?"